लिंक पाठवणाऱ्याने काय तपासले?

हिंगोली जिल्ह्यात हळदीचा पैसा आणि आयपीएल एकाच सुमारास येतात. फेब्रुवारीपासून हळद निघू लागते. मग ती शिजवायची, वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची. हे सगळे उरकले की मार्चअखेरीपासून हिंगोलीच्या हळद मार्केटमध्ये आणि वसमतच्या मोंढ्यात पोत्यांच्या थप्प्या लागतात. वर्षभराच्या कष्टाची रक्कम एकदम खात्यावर पडते, आणि नेमके त्याच दिवसांत रोज संध्याकाळी क्रिकेट असते. कळमनुरीच्या बसस्थानकावर बसलेला असो की सेनगावच्या पानटपरीवर, तरुण पोराच्या मोबाइलवर टेलिग्रामच्या ग्रुपमधून, इन्स्टाग्रामच्या रीलखालून, कधी ओळखीतल्याच कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून एक लिंक येऊन पडते. सोबतचा मजकूर ठरलेला असतो : शंभर टक्के ट्रस्टेड साइट, पाच मिनिटांत विड्रॉवल, पहिल्या डिपॉझिटवर बोनस.

ही साइट भरवशाची आहे हे कुणी ठरवले? कशावरून ठरवले? आणि तसे सांगण्याचे त्याला काय मिळाले? हे विचारायची सवय आपल्याकडे अजून लागलेली नाही. ती लागावी म्हणून या धंद्याची आतली रीत माहीत असायला हवी.

ऑनलाइन कॅसिनोकडे गिऱ्हाईक पाठवणे हा जगभर चालणारा स्वतंत्र धंदा आहे. तो करणाऱ्याला अ‍ॅफिलिएट म्हणतात. तो स्वतः जुगार चालवत नाही. कॅसिनोंची माहिती गोळा करतो, त्यांची तुलना करतो, गुण देतो आणि वाचकाला एका लिंकपर्यंत नेऊन सोडतो. त्या लिंकमध्ये त्याची खूण दडलेली असते, त्यामुळे हा खेळाडू कुणी धाडला हे कॅसिनोला आपोआप कळते. या कामाचा पसारा किती मोठा? माल्टा बेटावर २०१२ साली सुरू झालेली कॅटेना मीडिया ही कंपनी याच कामाच्या जोरावर पुढे स्टॉकहोमच्या शेअर बाजारात नोंदली गेली.

मोंढ्यातला अडत्या हळकुंड मोडून आतला रंग पाहतो, मूठभर कांडी हातात खुळखुळवून ती पुरती वाळली की नाही हे आवाजावरून ओळखतो, आणि सौदा झाला की त्याला अडत मिळते. अ‍ॅफिलिएटही असाच मधला माणूस; त्याचीही पत त्याच्या पारखीवर टिकते. फरक मोठा आहे तो कमाईत. अडत्याकडे आलेल्याचा माल चांगल्या भावाने गेला तर अडत्याचेही भले होते. अ‍ॅफिलिएटने आणलेला माणूस हरला, तर बहुतेक वेळा अ‍ॅफिलिएटला मिळते.

मोबदल्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत, पाठवलेल्या माणसाने पहिल्यांदा पैसे भरले की अ‍ॅफिलिएटला एकरकमी ठरलेली रक्कम मिळते. दुसरीत, त्या माणसाच्या निव्वळ हरण्यातला वाटा मिळतो. तो साधारण पाव हिश्शापासून चाळीस टक्क्यांपर्यंत जातो आणि बऱ्याचदा तो माणूस खेळतोय तोवर चालू राहतो. समजा एखादा खेळाडू महिन्यात १०,००० रुपये हरला, बोनस आणि इतर खर्च वजा जाऊन कॅसिनोच्या हाती ८,००० उरले, तर तीस टक्क्यांच्या करारात २,४०० रुपये लिंक देणाऱ्याच्या खात्यात जातात. खेळाडू जिंकला तर हिशेब उणे होतो. काही कॅसिनो ही उणे रक्कम पुढच्या महिन्यावर चढवतात, काही महिनाअखेरीस शून्य करतात. म्हणून अनुभवी अ‍ॅफिलिएट कुठल्याही कॅसिनोची तपासणी सुरू करतो ती स्वतःच्या करारापासून. आपले पैसे वेळेवर येतील का, आपण पाठवलेल्या गिऱ्हाइकांची संख्या लपवली जाणार नाही ना, हे तो आधी पाहतो. खेळाडूच्या हिताची तपासणी त्यानंतर सुरू होते. हा क्रम लक्षात ठेवला की पुढचे बरेच काही उलगडते.

ती दुसरी तपासणी मनापासून करणारेही आहेत. १९९८ साली सुरू झालेल्या 'कॅसिनोमाइस्टर' या साइटने चांगल्या कॅसिनोंबरोबर पैसे बुडवणाऱ्यांचीही यादी ठेवली, कुठल्या कॅसिनोने कुणाचे पैसे कोणत्या कारणाने अडवले याच्या नोंदी केल्या. पुढे 'आस्कगॅम्बलर्स'सारख्यांनी तक्रार घेऊन ती कॅसिनोसमोर मांडण्याची आणि उत्तर मागण्याची पद्धत पाडली. नियामक हजारो किलोमीटर दूर आणि खेळाडू एकटा, अशा परिस्थितीत हा दबाव खरोखर उपयोगी पडला आहे.

मनापासून तपासणाऱ्याचे काम सुरू होते परवान्यापासून. कॅसिनोच्या पानाच्या तळाशी परवान्याचे चिन्ह असते. ते चिन्ह कुणीही चिकटवू शकतो, म्हणून तिथला क्रमांक घेऊन नियामकाच्या स्वतःच्या नोंदीत शोधायचा; तिथे कंपनीचे नाव आणि साइटचा पत्ता दोन्ही जुळले पाहिजेत. सगळे परवाने एका मोलाचे नसतात. ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनचा किंवा माल्टाच्या नियामकाचा परवाना मिळवणे खर्चिक आणि अवघड. कुरासावचा परवाना बरीच वर्षे त्या मानाने स्वस्त आणि सोपा होता. कॅरिबियन समुद्रातले हे बेट दीड लाखाच्या आसपास वस्तीचे. २०११ च्या जनगणनेत एकट्या हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती. कुरासावमध्ये चार मुख्य परवानाधारक होते आणि ते पुढे उपपरवाने वाटत. खेळाडूची तक्रार कुणाच्या दारात न्यायची, याचा पत्ता लागणे कठीण. २४ डिसेंबर २०२४ पासून तिथे नवा कायदा लागू झाला आणि सरकारी नियामकाकडूनच थेट परवाना घेणे बंधनकारक झाले. तरी त्याआधीची चिन्हे अजून अनेक पानांवर झळकत असतात.

परवान्यानंतर यंत्र. इथे जुन्या मटक्याची आठवण उपयोगी आहे, कारण यंत्र नसतानाही प्रश्न हाच होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत सट्टा चाले. १९६१ च्या सुमारास ते आकडे येणे थांबले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली. आता आकडा आपल्याच माणसाच्या हातात होता, म्हणजे फसवणुकीची शंका येणारच. ती फेडण्यासाठी पत्ते लोकांसमोर उघडले जात. आकडा खरा निघतो एवढ्या भरवशावर मटका मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचला आणि खाईवालाच्या चिठ्ठीने कित्येक घरे धुऊन नेली.

ऑनलाइन कॅसिनोत पत्ते उघडणारा हात नसतो. निकाल ठरवते ती यादृच्छिक आकडे काढणारी संगणकीय प्रणाली. ती सचोटीची आहे का, हे स्वतंत्र प्रयोगशाळा तपासतात. लंडनची इकोग्रा २००३ पासून हे काम करते. ऑस्ट्रेलियातली आयटेक लॅब्ज आणि अमेरिकेतली जीएलआय हीही त्यातली मान्यताप्राप्त नावे. खेळ लाखो वेळा फिरवून निकालांचे वाटप अपेक्षेप्रमाणे पडते का, हे गणिताने पाहिले जाते. जाणकार अ‍ॅफिलिएट प्रमाणपत्रावरची तारीख वाचतो, ते याच साइटच्या नावाने आहे का हे पाहतो. त्याहून बारीक काम म्हणजे खेळ कुठून उघडतो याचा शोध. नामांकित कंपनीचा खरा खेळ त्या कंपनीच्याच सर्व्हरवरून चालतो. कॅसिनोला त्यात हात घालता येत नाही. चोरून नक्कल केलेला खेळ दिसायला हुबेहूब असतो, पण तो दुसऱ्याच पत्त्यावरून उघडतो आणि निकाल कॅसिनोच्या मुठीत असतो.

यातही एक खाच आहे. स्लॉटचा एकच खेळ कंपन्या वेगवेगळ्या परताव्याने कॅसिनोला देतात : कुठे शंभरातले सरासरी ९६ रुपये खेळाडूंकडे परत जातील असा, कुठे ९४ चा, कुठे ९० च्याही खालचा. चित्र तेच, संगीत तेच. खेळाच्या आतल्या मदतीच्या पानावर हा आकडा बारीक अक्षरात दिलेला असतो. जो अ‍ॅफिलिएट हे पान उघडून पाहत नाही त्याने दिलेल्या गुणांना काही अर्थ नाही, असे म्हणायला हरकत नाही.

मग येतात अटी, आणि खेळाडूचे बहुतेक नुकसान इथेच होते. '५,००० भरा, ५,००० बोनस घ्या' असे लिहिलेले असते. त्यामागची अट अशी की बोनसच्या पस्तीस पट रक्कम खेळून झाल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. ५,००० चे पस्तीस पट म्हणजे १,७५,०००. ९६ टक्के परताव्याच्या खेळावर एवढी रक्कम फिरवताना सरासरी चार टक्के, म्हणजे ७,००० रुपये जातात. बोनस ५,००० चा आणि तो मिळवण्याचा सरासरी खर्च ७,००० चा. शिवाय बोनस चालू असताना एका डावात ठरावीक रकमेपेक्षा जास्त लावले तर सगळी जिंकलेली रक्कम रद्द, काही खेळ मोजणीत धरणार नाही, कितीही जिंकलात तरी अमुक रकमेपेक्षा जास्त काढता येणार नाही, काही महिने खाते वापरले नाही तर शिल्लक कापली जाईल, अशी कलमे पानोपानी पसरलेली असतात. चांगला परीक्षक ही पाने वाचतो आणि ज्या कलमाने कॅसिनोला मनमानी करता येईल त्यावर बोट ठेवतो. 'व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील' हे वाक्य जितक्या वेळा येते, तितके गुण कापावेत.

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा मात्र पैसे काढण्याची. परीक्षक स्वतःच्या खऱ्या नावाने, आपण कोण आहोत हे न सांगता खाते उघडतो. छोटी रक्कम भरतो, थोडा खेळतो आणि उरलेली काढायला टाकतो. अर्ज किती वाजता केला, कागदपत्रे कधी मागितली, ओळखपत्राचा फोटो 'अस्पष्ट' म्हणून किती वेळा परत पाठवला, पैसे खात्यावर कधी पडले, हे सगळे तो तारीख-वेळेसह टिपून ठेवतो. एकदा पैसे आले म्हणून तो थांबत नाही. पहिली छोटी रक्कम झटपट देऊन विश्वास बसवायचा आणि मोठी रक्कम अडवायची, ही लबाडांची जुनी चाल आहे. म्हणून काही आठवड्यांनी मोठी रक्कम काढून पाहावी लागते. मदतकक्षाला रात्री एक प्रश्न विचारायचा, दुपारी तोच पुन्हा विचारायचा, उत्तरे जुळतात का पाहायचे. काही परीक्षक आणखी एक गोष्ट करतात : 'माझा ताबा सुटतोय, माझे खाते बंद करा' असे कळवतात आणि नंतर 'परत या, बोनस घ्या' असा संदेश येतो का याची वाट पाहतात. ज्या कॅसिनोकडून तो येतो, त्याला यादीत जागा देऊ नये, बाकी गुण कितीही असोत.

एवढे करूनही तपासणीच्या मर्यादा उरतातच. २००७ साली अ‍ॅब्सोल्यूट पोकर या साइटवर एक खेळाडू समोरच्यांचे झाकलेले पत्ते दिसत असल्यासारखा जिंकत होता. साइटला कॅनडातल्या काहनवाके आयोगाचा परवाना होता. गडबड पकडली ती हरलेल्या खेळाडूंनी. एका स्पर्धेची संपूर्ण नोंद त्यांच्या हाती लागली, त्यांनी डावामागून डाव तपासले आणि आतल्या माणसाला सगळ्यांची पाने दिसतात हे सिद्ध केले. अल्टिमेटबेट या तिच्या बहीण-साइटवरही तसाच प्रकार निघाला. २००८ मध्ये आयोगाने पहिलीला ५ लाख डॉलर आणि दुसरीला १५ लाख डॉलर दंड केला. परवाना होता, नियामक होता, तरी चोरी आतून झाली.

अ‍ॅफिलिएट स्वतःच फसवतो तेव्हा काय होते, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये २०१७ साली घडले. पत्नीच्या आजारपणामुळे कर्जात बुडालेल्या एका माणसाने ऑनलाइन रूले खेळून सगळे कर्ज फेडले, अशी बातमीसारखी दिसणारी जाहिरात पसरली. माणूस खोटा, कहाणी खोटी. ती अ‍ॅफिलिएटनी तयार केली होती आणि तिच्यातून नामवंत कंपन्यांकडे गिऱ्हाईक जात होते. तिथल्या जाहिरात नियामकाने ती बंद करायला लावलीच, शिवाय जबाबदारी कंपन्यांवर टाकली : लिंक तुमच्याकडे येते, तर शब्दही तुमचेच धरले जातील. त्याच वर्षी स्काय बेटिंगने ब्रिटनमधली आपली अ‍ॅफिलिएट योजनाच गुंडाळली. व्हिडिओवर थेट जुगार खेळून दाखवणाऱ्यांचा प्रकारही असाच. त्यांतल्या काहींना कॅसिनोकडूनच खेळायला पैसे मिळतात. पडद्यावर उडणाऱ्या लाखोंत त्यांच्या खिशातले काहीच जात नाही. थेट प्रक्षेपणाच्या ट्विच या साइटने १८ ऑक्टोबर २०२२ पासून परवाना नसलेल्या काही साइट्सचे असे प्रक्षेपण बंद केले.

आता हीच फूटपट्टी आपल्या भागात येणाऱ्या लिंकला लावून पाहावी.

पहिल्याच प्रश्नावर ती अडते. खेळाडू जिथे राहतो तिथे हा खेळ कायदेशीर आहे का, हे कुठलाही प्रामाणिक परीक्षक आधी पाहतो आणि नसेल तर 'तुमच्या देशासाठी नाही' असे स्पष्ट लिहितो. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. मटक्यावरच्या छाप्याच्या बातमीत आजही त्याचाच उल्लेख असतो. १९७६ साली राज्याने कॅसिनोसाठी कायदा केला, पण तो कधी अमलातच आला नाही, आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचे ठरवले. गोव्यात १९७६ च्या कायद्यात दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांत आणि मांडवीतल्या जहाजांवर जुगाराला परवानगी मिळाली. ती त्या जागेपुरती आहे, मोबाइलवरच्या साइटला नव्हे. 'गोवा लायसन्स' असे लिहिलेली साइट समोर आली तर तपासणी तिथेच संपवावी. आणि केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, पुरवणे हा त्यानुसार गुन्हा आहे : तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परदेशातून चालणाऱ्या साइट्सही त्यातून सुटत नाहीत. खेळणाऱ्याला मात्र या कायद्याने गुन्हेगार ठरवलेले नाही, आणि ते योग्यच आहे. लुटल्या गेलेल्या माणसाला पोलिसांकडे जायची भीती वाटू नये. म्हणजे स्टेटसवर लिंक टाकून कमिशन घेणारा गावातला पोरगा आज त्या लिंकवर हरणाऱ्यापेक्षा जास्त अडचणीत आहे, आणि हे त्याला बहुधा कुणी सांगितलेलेच नसते.

दुसरी अडचण याहून खोल आहे. परदेशातला अ‍ॅफिलिएट शिफारस करतो आणि बाजूला होतो. पैसे घेणारा, खेळ चालवणारा आणि पैसे देणारा कॅसिनो वेगळा असतो. आपल्याकडच्या 'आयडी'च्या व्यवहारात ही फाळणीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एक नंबर मिळतो, तो आयडी-पासवर्ड देतो, कुणाच्या तरी यूपीआयवर पैसे मागवतो आणि खात्यात पॉइंट टाकतो. जिंकलेले पैसे द्यायचे की नाही हेही तोच ठरवतो. महादेव बुक या ऑनलाइन सट्ट्याच्या प्रकरणात ईडीने जी रचना मांडली ती अशीच होती : भिलाईच्या दोघांनी दुबईतून उभी केलेली यंत्रणा, तिच्या 'पॅनल' नावाच्या शाखा आणि नफ्याची ७०-३० अशी वाटणी. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने महादेवसह २२ अ‍ॅप आणि साइट्स बंद करण्याचे आदेश दिले. पॅनलवाल्याचा मालाशी संबंध पारख करणाऱ्याचा नसून थेट भागीदाराचा असतो, तेव्हा त्याच्या 'ट्रस्टेड' या शब्दाला तपासणी म्हणताच येत नाही.

विदर्भातले जुलै २०२३ चे प्रकरण याची किंमत दाखवते. नागपूरच्या एका व्यापाऱ्याला गोंदियाच्या ओळखीच्या माणसाने ऑनलाइन जुगाराची गोडी लावली. पोलिसांनी सांगितले त्यानुसार व्यापारी आधी तयार नव्हता. आग्रहाला बळी पडून त्याने हवालामार्गे ८ लाख दिले, व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली, खाते उघडले. जिंकले सुमारे ५ कोटी आणि गेले ५८ कोटी. संशय येऊन पैसे परत मागितले तर मिळाले नाहीत. पोलिसांनी गोंदियात छापा घातला तेव्हा सुमारे १४ कोटींची रोकड आणि सोन्याची बिस्किटे सापडली. संशयित तोवर निसटला होता. परवाना कुणाचा, कंपनी कुठली, खेळ कुणाच्या सर्व्हरवर, वर सांगितलेला एकही प्रश्न तिथे विचारला गेलेला दिसत नाही. ओळख एवढीच हमी होती.

ओळखीच्या चेहऱ्याचा वापर मोठ्या प्रमाणावरही होतो. ३१ ऑगस्ट २०२३ रोजी बच्चू कडू यांनी मुंबईत सचिन तेंडुलकर यांच्या घरासमोर आंदोलन केले. भारतरत्न मिळालेल्या माणसाने ऑनलाइन गेमिंगची जाहिरात करू नये, ही त्यांची मागणी होती. ती जाहिरात त्या वेळी कायद्याच्या चौकटीत होती. पण आंदोलनामागचा प्रश्न रास्त होता : ज्याच्या शब्दावर लोक डोळे मिटून भरवसा ठेवतात, त्याने शब्द देण्याआधी काय पाहिले?

आणि समजा सगळे पाहिले, सगळे खरे निघाले, तरी एक गोष्ट कुठल्याही गुणपत्रिकेत येत नाही. मटक्यात एकेरी आकड्याला नऊ पट मिळत. शक्यता दहांत एक, म्हणजे शंभर रुपयांमागे सरासरी दहा जाणार. सदतीस खणांच्या युरोपीय रूलेत शंभरामागे २ रुपये ७० पैसेच जातात, ९६ टक्क्यांच्या स्लॉटमध्ये चार. कागदावर प्रामाणिक कॅसिनो मटक्यापेक्षा स्वस्त दिसतो. पण कल्याण मटक्याचा आकडा दिवसात ओपन आणि क्लोज असा दोनदाच निघे, आणि स्लॉट दर काही सेकंदाला फिरतो. वीस रुपयांचा डाव, तासाला सहाशे फेऱ्या : १२,००० रुपये फिरले, सरासरी ४८० गेले, आणि हा एकाच तासाचा हिशेब. मटक्यावर दिवसाला शंभर लावणाऱ्याचे सरासरी दहा जात. नुकसान ठरते ते वेगाने. ब्रिटनने ऑक्टोबर २०२१ पासून दोन फेऱ्यांत किमान अडीच सेकंदांचे अंतर सक्तीचे केले आणि २०२५ मध्ये एका फेरीला कमाल पाच पौंडांची मर्यादा घातली, ते याच कारणाने. अ‍ॅफिलिएटची तपासणी जिंकलेले पैसे मिळतील का याचे उत्तर देते. खेळणाऱ्याचे पुढे काय होईल, हा प्रश्न तिच्या कक्षेत नाही, कारण त्याच्या हरण्यावरच ती तपासणी पोसली जाते.

पैसे अडकल्यावर काय करायचे, हेही माहीत असायला हवे. 'विड्रॉवलसाठी आधी तीस टक्के टॅक्स भरा' असा निरोप आला तर ती उघड लूट समजावी. एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के कर लागू झाला, पण तो देणाऱ्याने रकमेतूनच कापून सरकारकडे भरायचा असतो. तो आगाऊ मागण्याची पद्धतच नाही. दुसरा धोका उलट्या बाजूचा. जिंकलेले पैसे अनोळखी माणसाच्या खात्यातून येतात आणि ते खाते बऱ्याचदा दुसऱ्या कुणाला फसवून मिळवलेल्या पैशाचे असते. त्या फसवणुकीची तक्रार झाली की पैशाचा माग काढत पुढची खाती गोठवली जातात. हळदीची पट्टी, पीककर्ज, विम्याची रक्कम ज्या खात्यात येते त्याच खात्यावर दोन हजार रुपये जिंकून घेतले, तर पेरणीच्या तोंडावर ते सगळेच अडकून पडू शकते.

फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पहिले काही तास महत्त्वाचे असतात, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवता येतात. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, ज्या यूपीआयवर पैसे गेले तो पत्ता, टेलिग्राम-व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संभाषणाचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवावेत. लाजेपोटी चॅट डिलीट केले की पुरावाही जातो. आणि घरातल्या कुणाच्या बँक स्टेटमेंटमध्ये रात्री-अपरात्री पाचशे-हजारच्या नोंदींची रांग दिसत असेल, तर १४४१६ ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. तिथे फोन मोफत लागतो, समुपदेशक मराठीत बोलतात, आणि व्यसनात सापडलेल्याच्या वतीने आई, बायको किंवा भाऊही बोलू शकतात.